पंख्याच्या पात्यावरची नावं

लाईट गेली की आमच्या शाळेतल्या पंख्यांवरची नावं वाचता यायची. गरगरणारा पंखा मंदावायचा, पात्यांवरच्या ऑइलपेंटची लाल रेघ दिसायची, मग रेघेची अक्षरं व्हायची आणि पहिलीची पोरं माना वर करून जोडाक्षरं लावायला बसायची. "बाई, 'कै.' म्हणजे काय ओ?" 'स्मरणार्थ' हा अवघड शब्द माझ्या वर्गातली मुलं पुस्तकातून नाही, पंख्यावरून शिकली. भारनियमनाचा एवढा एक फायदा मला आठवतो.

मी १९८१ ते २०१८ अशी सदतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, सगळी नोकरी जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत. एवढ्या वर्षांत कुणाचं नाव न घातलेली वस्तू शाळेत मी एकच पाहिली, ती म्हणजे खडू. कपाटावर नाव, पाण्याच्या टाकीवर नाव, झेंड्याच्या चौथऱ्यावर नाव. एका शाळेत तर ताटांच्या काठावर मशीननं टोचलेलं नाव होतं. खिचडी संपली की आजोबा दिसायचे.

ह्याला हसणाऱ्या नव्या शिक्षकांना मी लेण्याद्रीकडं बोट दाखवायची. देणगी द्यायची आणि नाव कोरून ठेवायचं, ही आमच्या तालुक्याची खोड दोन हजार वर्षांची आहे. जुन्नरभोवतीच्या डोंगरांतले शिलालेख भगवानलाल इंद्रजी आणि जेम्स बर्जेस यांनी १८८१ साली वाचून छापले. त्यांत धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याची पोढी, म्हणजे टाकं, दान दिल्याची नोंद आहे. शिवनेरीच्या कड्यात चिट नावाच्या यवनानं भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला, तोही नाव घालून. ताटांवरच्या आजोबांचे हे पूर्वज म्हणायला हरकत नाही. लेणं ज्यांनी खोदलं त्या पाथरवटांची नावं मात्र त्या लेखांत नाहीत. हे एवढं लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

माझ्याकडं एक वही आहे. वही कसली, वाण्याकडं असते तशी लांबट चोपडी, लाल कापडाच्या बांधणीची. माझे वडील, अण्णा, नारायणगावपासून पायी पाऊण तासावरच्या एका वाडीत मास्तर होते. त्या वाडीच्या शाळेची इमारत १९५७-५८ साली लोकवर्गणीतून झाली, तिचा हा हिशेब. वाडीचं नाव लिहीत नाही. कुणाच्या आज्यानं किती दिले यावरून भावकीत आजही बोलणी होऊ शकतात.

पण वहीच्याही मागं जावं लागतं. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्याचं शिक्षण १८४० ते १८५५ बोर्ड ऑफ एज्युकेशनच्या हाती होतं. गावाला सरकारी शाळा हवी तर शाळेला घर गावानं द्यायचं आणि त्याची डागडुजीही गावानं करायची, अशी ह्या बोर्डाची अट होती. पुढं १८५० च्या दशकात निम्म्या खर्चाच्या शाळा निघाल्या. त्यांत मास्तरच्या पगाराचा अर्धा वाटाही गावावर आला. मग १८६३ मध्ये शेतसाऱ्यावर रुपयामागं एक आणा जादा पट्टी बसली, तो लोकल फंड. त्यातला तिसरा हिस्सा शाळांचा, बाकीचा रस्त्यांसारख्या कामांचा. म्हणजे कुणबी शाळेसाठी दोनदा पैसे मोजत होता, एकदा सारा भरताना आणि एकदा कौलं शाकारताना. आणि ज्याची पोरं शेरडांमागं हिंडत होती तोही भरत होता.

जोतीराव फुल्यांनी १९ ऑक्टोबर १८८२ ला शिक्षणाच्या हंटर कमिशनपुढं निवेदन दिलं, त्यात नेमकं हेच दुखणं मांडलं होतं. पैसा रयतेच्या घामाचा, शिक्षणाचा लाभ वरच्या थरांना. खेड्यातला मास्तर नांगराची मूठ धरायला लाज न वाटणारा असावा, असंही त्यांचं म्हणणं होतं. आमच्याकडं फुल्यांचा शब्द परका नव्हता. ओतूर इथून जवळच. तिथं १८८० च्या दशकात सत्यशोधकांनी पुरोहिताला न बोलावता लग्नं लावली आणि जोशांच्या हक्काचं प्रकरण थेट कोर्टात गेलं. शाळा आणि लग्न, दोन्ही ठिकाणी भांडण एकच होतं: पैसे आम्ही द्यायचे आणि आत कुणी बसायचं ते तुम्ही ठरवायचं?

आता वहीकडं येते.

अण्णा व्हर्नाक्युलर फायनल पास झालेले. १९४८ मध्ये ते वाडीत रुजू झाले तेव्हा शाळा मारुतीच्या देवळात भरत होती. लोकल बोर्डाच्या अशा कितीतरी शाळा तेव्हा देवळांत, चावडीत, नाहीतर कुणाच्या पडवीत भरत. शनिवारी तेल घालायला माणसं आली की वर्ग पारावर. सप्ताह बसला की आठ दिवस सुट्टी, ती कुठल्याच सरकारी यादीत नव्हती. पावसाळ्यात गाभाऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत चार इयत्ता दाटीवाटीनं. घंटा म्हणून रुळाचा तुकडा टांगलेला. शुक्रवारी जमीन सारवायची पाळी मोठ्या मुलींची, म्हणून त्या दिवशी त्यांची गैरहजेरी जास्त, असं अण्णा सांगायचे.

ह्या देवळाच्या शाळेबद्दल आमच्या भागात लोक मायेनं बोलतात. मला ती माया पटत नाही. देऊळ होतं, म्हणून महारवाड्यातली मुलं पायरीच्या खाली बसत होती. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव झाला, त्यात पाणवठ्यांबरोबर सरकारी शाळाही अस्पृश्यांना खुल्या केल्या होत्या. पण शाळा सरकारी असली तरी छप्पर मारुतीचं होतं आणि मारुती गावकीचा. अण्णा उंबऱ्यात उभे राहून शिकवत, अर्धं तोंड आत, अर्धं बाहेर. फळा आत. बाहेरच्यांना तो तिरपा दिसायचा. छप्पर गावाचं, ह्या जुन्या अटीचा हा दुसरा चेहरा आहे आणि शाळांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकांत तो कधी येत नाही.

इमारत बांधायची ठरली ती काही ह्या कारणानं नाही. ठरली, कारण शेजारच्या वाडीनं बांधली. आमच्याकडं बरीच चांगली कामं अशीच झाली आहेत.

वहीचं पहिलं पान: 'श्री मारुती प्रसन्न'. खाली दर. उंबऱ्यामागं एक रुपया, बागायतीला एकरी आठ आणे, जिरायतीला दोन आणे. ज्याला रोख जमत नाही त्यानं जिन्नस किंवा अंगमेहनत द्यावी. मग रकाने: नाव, रोख, जिन्नस, दिवस. दगड गाड्यांत मोजलाय, सागाचे वासे नगांत, बैलजोडी दिवसांत. एका घरानं रोख काहीच दिलं नाही, पण नळीची कौलं उतरवून मंगलोरी घालायच्या बेतात होते, ती जुनी नळीची कौलं शाळेला दिली. शाळेला हलकी कौलं आणि आपल्याला भारी, म्हणून त्या घराला सभेत सुनावलं गेलं. अण्णांनी समासात लिहिलंय, 'वाद झाला. कौले घेतली.'

हिशेबातली खरी गंमत पुढं आहे. वर्गणी सुरू झाली ती आण्यांत. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, रुपयाचे शंभर नये पैसे झाले. त्यामुळं वहीची पहिली पानं आणे-पैत आणि पुढची नये पैशांत. आणा म्हणजे सहा नये पैसे धरायचे की सव्वासहा, यावरून एकूण बेरजेत रुपया-दीड रुपयाचा फरक पडला आणि तो कुणी खाल्ला यावर दोन सभा झाल्या. शेवटी फरक अण्णांनी पदरचा भरला. आई शेवटपर्यंत त्याबद्दल बोलायची. "शाळा गावाची, अन् भुर्दंड माझ्या संसाराला."

आणि एक ओळ अशी: 'यात्रेची शिल्लक रु. ७३'.

ही ओळ कळायला नारायणगाव कळावं लागतं. तमाशातले भाऊ-बापू मांग आणि त्यांच्या घरातल्या विठाबाई यांच्या नावापुढं 'नारायणगावकर' लागतं, ते ह्याच गावामुळं. पाडव्याच्या आगंमागं तमाशाच्या फडांच्या राहुट्या इथं पडतात. गावोगावचे पुढारी येऊन चैत्र-वैशाखातल्या यात्रांसाठी सुपारी देतात. कुठल्या गावानं केवढा फड ठरवला, यावर त्या गावची पत. आमच्या वाडीचे पंच त्या साली घरातून निघाले ते मोठ्या फडाच्या तयारीनं. वाटेत मीना नदीच्या काठी सावलीला बसले आणि तिथं कुणीतरी कौलांचा विषय काढला. यात्रेला तमाशा नाही, हे शक्यच नव्हतं, देव कोपला असता. मग लहान फड ठरवला आणि उरले ते शाळेला. अण्णा म्हणायचे, शाळेच्या आढ्याला एक तुळई तमाशाची आहे.

ह्याच तमाशाची पोरं पुढं माझ्या वर्गात आली. फड दसऱ्याला बाहेर पडतो आणि बुद्धपौर्णिमेला परततो. शाळा जूनमध्ये सुरू होते. म्हणजे फडातल्या मुलाला शाळा मिळते ती जून ते दसरा, फक्त पहिलं सत्र. माझ्याकडं एक मुलगी दुसरीत तीन वर्षं होती. दर वर्षी सहामाहीच्या तोंडावर ती जायची आणि पुढच्या जूनला पहिल्याच धड्यापासून सुरू. पहिले सहा धडे तिला तोंडपाठ होते. सातवा धडा तिनं कधी पाहिलाच नाही. पटावर तिच्या नावापुढं 'सतत गैरहजर' लिहिताना माझा हात जड व्हायचा, कारण ती गैरहजर नव्हती, दुसरीकडं हजर होती. गावानं यात्रेची शिल्लक शाळेला दिली, पण यात्रा जे रंगवतात त्यांच्या पोरांसाठी शाळेनं काय शिल्लक ठेवलं?

इमारत १९५८ च्या जूनमध्ये उभी राहिली. दोन खोल्या, पुढं ओटा. त्या दिवशी वाडीतली सगळी पोरं पहिल्यांदा एका आढ्याखाली बसली आणि फळा सगळ्यांना सरळ दिसला. ह्याबद्दल वहीत काही नाही. अण्णांनी फक्त पट लिहिलाय, ४३.

पुढं १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि पाटी बदलली. वरच्या शिक्षणाला नारायणगावातच सोय झाली. ग्रामोन्नती मंडळाचं गुरुवर्य रा. प. सबनीस विद्यामंदिर आता सगळ्या खोऱ्याला माहीत आहे. शाळा चालवणाऱ्या ह्याच संस्थेकडं इथलं कृषी विज्ञान केंद्रही आहे. द्राक्षाची छाटणी आणि दहावीचा निकाल एकाच संस्थेत विचारायला जायची सोय, हे मला आमच्या भागाचं फार अचूक चित्र वाटतं. वर्गणीचा दुसरा झरा मुंबईचा होता. खेड, आंबेगाव, जुन्नर ह्या पट्ट्यातली माणसं मुंबईत डबे पोचवत होती, बाजारात गोण्या उचलत होती. दिवाळीला घरी आली की देवळाला काय आणि शाळेला काय, हे त्यांच्या मंडळाचं ठरलेलं असायचं. देवळाला नेहमी जास्त. तक्रार नाही, नोंद म्हणून सांगते.

मी २००६ मध्ये बदलीनं अण्णांच्याच शाळेत आले. एक खोली मोडकळीला आली होती. सर्व शिक्षा अभियानातून नवी मिळणार होती, तर एका कार्यालयात मला सांगितलं, सातबारावर शाळेचं नाव नाही. जागा १९५७ साली तोंडी दिलेली! दिलेल्याचा नातू भला माणूस, पण रस्त्याकडेच्या गुंठ्याचा भाव एव्हाना त्याला कळला होता. तेव्हा मी वही काढली. 'जागा ४ गुंठे, शाळेस कायम दिली' आणि खाली त्याच्या आज्याचा अंगठा. अंगठ्याला कायद्यात किती किंमत होती देव जाणे. नातवानं तो बराच वेळ पाहिला आणि आठवड्यानं बक्षीसपत्र करून दिलं. त्याच्या आज्याचं नाव आम्ही दारावर घातलं, मोठ्या अक्षरात.

ह्या निमित्तानं मी वही पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचली. पुढची पानं नावांनी भरलेली, पाटील, वाणी, माळी, सगळे पूर्ण नावानिशी. शेवटच्या दोन पानांवर 'दिवस' ह्या रकान्यात मात्र असं: 'महारवाडा, खडी फोडणे, ६ दिवस.' 'ठाकर, ४ असामी, लाकूड वाहणे.' 'बाया, माती मळणे, ११ दिवस.' नावं नाहीत. उद्घाटनाच्या फरशीवरही नाहीत. अण्णा प्रेमळ माणूस होते, सगळ्यांना शिकवणारे. त्यांनीही नावं लिहिली नाहीत. मी हे त्यांच्या हयातीत वाचलं असतं तर भांडले असते.

आणि पंख्यांच्या काळात मी स्वतः काय वेगळं केलं? २२ जून २०१५ चा 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय आल्यावर लोकसहभागातून डिजिटल शाळा करायची लाट आली. आम्हीही टीव्ही घेतला, रंगकाम केलं, फलकावर पाचशेच्या वरचे देणगीदार लिहिले. पाचशेच्या खालच्यांना 'इतर ग्रामस्थ'. नारायणगावच्या मजूर अड्ड्यावरून टोमॅटोच्या तोडणीला आलेल्या एका जोडप्यानं मुलाच्या नावे वीस रुपये दिले होते. ते 'इतर'मध्ये गेले. त्यांचा मुलगा माझ्याकडं दीड महिना होता.

टोमॅटोचं निघालंच तर सांगते. बाजार पडला की आमच्या पोषण आहारात टोमॅटो मुबलक, गाडीभर आणून ओततात आणि "पोरांना घाला बाई" म्हणतात. २०२३ च्या जुलैत कॅरेट दोन हजारांच्या वर गेलं तेव्हा खिचडी पांढरी होती. मी तेव्हा निवृत्त, पण स्वयंपाकाच्या मावशींनी फोन करून कळवलं. मात्र त्याच मोसमात एकानं शाळेला कुंपण घालून दिलं. बिबट्यामुळं. उसाच्या कडेनं मुलांना एकटं सोडवत नाही, पालक सकाळी पाळीपाळीनं घोळका करून पोचवतात, हातात काठी आणि मोबाइलवर गाणं मोठ्यानं. ह्या पाळीला कुणी वर्गणी म्हणत नाही. मी म्हणते.

छप्पर गावाचं, मास्तर सरकारचा, हा जुना करार आता उलटा झालाय. छप्पर सरकार देतं, कंपन्या देतात. गावानं द्यायचं ते मूल, आणि तेच पिवळ्या बसमध्ये बसून नारायणगावच्या इंग्रजी शाळेत जातं. २००० च्या सुमारास वस्तीशाळा निघाल्या तेव्हा गावातलाच तरुण महिना हजार रुपये मानधनावर शिकवत होता आणि वस्तीतली पोरं वस्तीतच शिकत होती. उलट २१ सप्टेंबर २०२३ च्या सरकारी पत्रकानं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूहशाळा करायचा विचार पुढं आणला. आमच्या वाडीचा पट आज अकरा आहे. पलीकडच्या खेड तालुक्यात जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा अशीच मोजक्या पोरांवर आली होती. गावानं आणि मास्तरांनी ती उभी केली आणि २०२५ मध्ये टी-फोर एज्युकेशनच्या जगभरातल्या शाळांच्या स्पर्धेत लोकांच्या मतांवरचा कम्युनिटी चॉइस पुरस्कार तिला मिळाला. तेव्हा अकरा हा आकडा मला शेवटचा वाटत नाही. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या आवारात दर २८ फेब्रुवारीला विज्ञानाचं प्रदर्शन भरतं. पंचेचाळीस मीटरच्या त्या तबकडीखाली आमच्या अकरांपैकी चौघं यंदा ठिबक सिंचनाचा नमुना घेऊन उभी होती. टेम्पोचं भाडं एका डबेवाल्यानं मुंबईहून पाठवलं. त्याचं नाव कुठं घालायचं, यावर अजून सभा झालेली नाही.

जुन्नर-आंबेगावात अशा वह्या अजून असतील. माळ्यावर, देवळाच्या पेटीत, जुन्या मास्तरांच्या ट्रंकेत. घर पाडताना रद्दीत घालू नका, शाळेत आणून द्या. आणि घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर आधी त्यांच्यापुढं शेवटची पानं उघडा आणि विचारा, खडी फोडायला कोण कोण होतं. मी आमच्या वाडीत विचारत फिरले. 'ठाकर, ४ असामी' यांपैकी तीन नावं मिळाली. ती मी वहीत लिहिली आहेत, निळ्या शाईनं, अण्णांच्या अक्षराशेजारी. चौथं अजून मिळालेलं नाही.